टाइपस्क्रिप्टमधली इम्पोर्टची टोपणनावं: बिल्डनंतर तुटू नयेत म्हणून काय काय करावं

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. एका रात्री मी कोडची साफसफाई केली. '../../../सर्व्हिसेस/चलन' असले लांबलचक इम्पोर्ट काढले आणि सगळीकडे '@/सर्व्हिसेस/चलन' असं सुटसुटीत केलं. एडिटरमध्ये एकही लाल रेघ नव्हती, बिल्ड एका झटक्यात झालं. सर्व्हरवर चढवून झोपलो. सकाळी साडेआठला मुनीमकाकांचा फोन आला, "अरे, गाडी दारात उभी हाय आन् चलन निघंना झालंय."

लॉगमध्ये एकच ओळ होती: कॅनॉट फाइंड मॉड्यूल '@/सर्व्हिसेस/चलन'. मी जुनी आवृत्ती परत चढवेपर्यंत काकांनी जुन्या चलनबुकात कार्बन घालून हातानं चलनं लिहिली. हिशोबाचा एक आकडाही मी बदलला नव्हता, फक्त पत्ते लिहायची पद्धत बदलली होती. त्यानंतर हा विषय मुळापासून समजून घेतला. आता प्रत्येक प्रकल्पात ज्या क्रमानं हे काम करतो, तो क्रम इथं लिहितो आहे.

फाइलींची, सेटिंगची आणि कमांडची नावं इथं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती नेहमीच्या रोमन लिपीतच लिहायची. 'एसआरसी' म्हणजे मूळ कोडचं फोल्डर आणि 'डिस्ट' म्हणजे बिल्ड होऊन तयार झालेलं फोल्डर.

आधी दुखणं कुठलं ते कळू द्या

सोलापुरात रिक्षावाल्याला "सात रस्ता" किंवा "आसरा" एवढं म्हटलं की पुरतं. पण सूत घेऊन कोइम्बतूरहून आलेल्या ट्रकवाल्याला "आसऱ्यापाशी या" सांगून काय उपयोग? त्याला हायवेवरून कुठं वळायचं, किती पुढं यायचं, हे सगळं सांगावं लागतं. इम्पोर्टचा एलियस म्हणजे असंच गावातलं नाव. टीएसकॉन्फिग फाइलमधल्या 'पाथ्स' या सेटिंगमध्ये तुम्ही ते नाव लिहिता, तेव्हा ते टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरला आणि एडिटरला कळतं. हे दोघं गावातले. बिल्ड झालेला कोड प्रत्यक्ष चालवणारा नोड मात्र बाहेरगावचा आहे. तो टीएसकॉन्फिग उघडूनही बघत नाही.

'पाथ्स' हे सेटिंग टाइपस्क्रिप्टच्या २.० आवृत्तीत, २०१६ साली आलं. त्याचं काम एवढंच: हे नाव दिसलं तर टाइप तपासायला अमुक फाइल बघ. कंपायलर इम्पोर्टमधली अक्षरं बदलत नाही. तुम्ही '@/सर्व्हिसेस/चलन' लिहिलं असेल, तर डिस्टमधल्या जावास्क्रिप्ट फाइलीतही तसंच्या तसं '@/सर्व्हिसेस/चलन' उतरतं. पुष्कळांना ही कंपायलरची चूक वाटते, पण तसं नाही, हे ठरवून केलेलं आहे. ज्यांचा बंडलर (अनेक फाइली एकत्र बांधून देणारं साधन) किंवा रनटाइम (कोड चालवणारा प्रोग्रॅम) आधीपासून अशी नावं ओळखतो, त्यांना ती कंपायलरलाही सांगता यावीत म्हणून हे सेटिंग आहे. ५.७ आवृत्तीत इम्पोर्टमधलं '.टीएस' बदलून '.जेएस' करून देणारा पर्याय आला, पण तोही फक्त टिंबानं सुरू होणाऱ्या सापेक्ष पत्त्यांना हात लावतो. एलियस तो जसाच्या तसा सोडतो.

म्हणून पहिली पायरी अगदी साधी. काही बदलायच्या आधी बिल्ड करा, डिस्टमधली एक फाइल उघडा आणि वरच्या चार ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तिथं '@/' दिसत असेल आणि पुढं कुठला बंडलर नसेल, तर तो कोड चालणार नाही. लॅपटॉपवर चाललेला दिसला असेल, तर तिथं टीएसएक्ससारखं, टाइपस्क्रिप्ट बिल्ड न करता थेट चालवणारं साधन मध्ये बसून नावं सोडवत होतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

टीएसकॉन्फिग नीट लिहा

मजकूर थोडाच असतो. कंपायलर ऑप्शन्समध्ये 'रूटडिर' ला './एसआरसी', 'आउटडिर' ला './डिस्ट' आणि 'पाथ्स' मध्ये "@/*" या नावापुढं ["./एसआरसी/*"]. दोन्हीकडची चांदणी विसरू नका. डावीकडच्या चांदणीत जे बसतं तेच उजवीकडे जातं, आणि एका नमुन्यात एकच चांदणी चालते.

जुन्या लेखांत 'बेसयूआरएल' लिहायला सांगितलेलं दिसेल. ४.१ आवृत्तीपासून त्याची गरज उरलेली नाही, आणि मी तर ते मुद्दाम काढून टाकतो. बेसयूआरएल ठेवलं की 'कॉन्फिग/डेटाबेस' असा बिनखुणेचा इम्पोर्टही कंपायलरला चालतो. मग तो फोल्डर आपला की एनपीएमवरचं (तयार पॅकेजेसच्या साठ्यातलं) पॅकेज, हे वाचणाऱ्याला कळत नाही. एखाद्यानं 'इव्हेंट्स' नावाचं फोल्डर केलं तर आणखी पंचाईत, कारण त्याच नावाचं मॉड्यूल नोडमध्ये आधीच आहे. बिल्डनंतर तुमच्याऐवजी तेच उचललं जातं आणि चूक झाल्याचा संदेश भलत्याच जागी उमटतो.

नाव निवडताना '@' नंतर लगेच तिरकी रेघ असू द्या. एनपीएमवर '@काहीतरी/पॅकेज' अशी नावं असतात, पण '@' आणि '/' यांच्यामध्ये काहीच नसलेलं नाव तिथं असूच शकत नाही, त्यामुळं '@/' ची टक्कर कुणाशी होत नाही. '@टाइप्स' हे नाव एलियससाठी कधीही घेऊ नका. ते टाइपस्क्रिप्टच्या टाइप-व्याख्यांच्या पॅकेजेससाठी राखलेलं आहे आणि कंपायलर लगेच अडवतो.

इथं दोन खाचखळगे आहेत. पहिला 'एक्स्टेंड्स' चा. एका मूळ टीएसकॉन्फिगवरून दुसरं टीएसकॉन्फिग काढलं आणि दुसऱ्यात 'पाथ्स' पुन्हा लिहिलं, तर दोन्हींची बेरीज होत नाही. दुसरं पहिल्याला पूर्ण पुसून टाकतं. टेस्टसाठी वेगळं टीएसकॉन्फिग करून त्यात एक एलियस वाढवला आणि बाकीचे सगळे गायब झाले, असं म्हणूनच होतं.

दुसरा रूटडिरचा, आणि यात माझे दोन दिवस गेले आहेत. रूटडिर लिहिलेलं नव्हतं. एका मुलानं आवृत्तीचा क्रमांक दाखवायला एसआरसीच्या बाहेरची पॅकेज.जेसन फाइल इम्पोर्ट केली. कंपायलरनं सगळ्या फाइलींचं सामाईक मूळ शोधलं, ते आता एक पायरी वर सरकलं, आणि डिस्ट/इंडेक्स च्या जागी डिस्ट/एसआरसी/इंडेक्स तयार झालं. सुरुवातीची कमांड जुनीच इंडेक्स फाइल चालवत राहिली, कारण आधीच्या बिल्डची फाइल डिस्टमध्ये तशीच पडलेली होती. आम्ही कोड बदलत होतो आणि काहीच बदलत नव्हतं. म्हणून रूटडिर स्पष्ट लिहा, म्हणजे अशी फाइल आत आली की कंपायलर तिथंच ओरडेल. आणि प्रत्येक बिल्डच्या आधी डिस्ट पुसा.

नाव कोण सोडवणार, ते ठरवा

खरा निर्णय इथं आहे. एलियसचं खऱ्या पत्त्यात रूपांतर कुणीतरी एकानं करायचं असतं: बंडलरनं, बिल्डनंतरच्या एखाद्या साधनानं, किंवा नोडनं स्वतः. तिघांपैकी एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. दोघांनी करायला घेतलं की गोंधळ सुरू होतो.

ब्राउझरसाठीचा कोड असेल तर काम सोपं आहे. तिथं बंडलर असतोच. व्हीट या बंडलरमध्ये 'रिझॉल्व्ह' खाली 'एलियस' मध्ये '@' चं नाव आणि एसआरसी फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. पत्ता पूर्णच हवा, './एसआरसी' असा अर्धवट दिला तर तो प्रत्येक फाइलीच्या जागेवरून मोजला जातो आणि चुकतो. हीच माहिती टीएसकॉन्फिगमध्येही असते, म्हणून दोन ठिकाणी लिहायचं टाळायला व्हीट-टीएसकॉन्फिग-पाथ्स नावाचं प्लगइन मिळतं. वेबपॅकसाठीही तसंच प्लगइन आहे. ईएसबिल्ड बंडल करताना टीएसकॉन्फिगमधले पाथ्स आपणहून वाचतो, आणि नेक्स्टजेएसही वाचतो. एक मात्र लक्षात ठेवा, व्हीट टाइप तपासत नाही. बिल्डच्या कमांडमध्ये आधी टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) 'नोएमिट' सह, म्हणजे फाइली न बनवता फक्त टाइप तपासायला चालवा, मग व्हीटचं बिल्ड.

सर्व्हरचा कोड नुसत्या टीएससीनं बिल्ड होत असेल तर जास्त विचार करावा लागतो. नव्या प्रकल्पात मी आता '@' वापरतच नाही. नोडची स्वतःची सोय वापरतो. पॅकेज.जेसनमध्ये 'इम्पोर्ट्स' नावाचा रकाना लिहिता येतो. तिथलं प्रत्येक नाव '#' नं सुरू व्हायला हवं. ही सोय नोडच्या १४.६ आणि १२.१९ आवृत्त्यांपासून, म्हणजे २०२० पासून आहे. म्हणजे ट्रकवाल्यालाच गावातलं नाव शिकवल्यासारखं झालं. मध्ये कुणी दुभाषा नको.

करायचं असं: 'इम्पोर्ट्स' मध्ये "#*" या नावापुढं "./डिस्ट/*.जेएस" लिहा. कोडमध्ये '#सर्व्हिसेस/चलन' असा इम्पोर्ट करा. '#' नंतर लगेच तिरकी रेघ देऊ नका, नोडच्या जुन्या आवृत्त्यांत '#/' चालत नाही. टीएसकॉन्फिगमध्ये मॉड्यूल आणि मॉड्यूल रेझोल्यूशन दोन्ही 'नोडनेक्स्ट' करा. टाइपस्क्रिप्टला ही पद्धत ४.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून कळते. आता शंका येईल की पत्ता तर डिस्टचा आहे, मग एडिटर टाइप कुठून वाचणार? रूटडिर आणि आउटडिर नीट लिहिलेले असले, तर टाइपस्क्रिप्ट डिस्ट/सर्व्हिसेस/चलन.जेएस या पत्त्यावरून मूळची एसआरसी/सर्व्हिसेस/चलन.टीएस फाइल स्वतः शोधून काढतं. मघाशी रूटडिर स्पष्ट लिहायला सांगितलं, ते इथंही उपयोगी पडतं.

एक अडचण उरते. कोड लिहिताना आपण डिस्ट चालवत नाही, टीएसएक्सनं थेट एसआरसी चालवतो. तेव्हा '#' ची नावं डिस्टमधला कालचा कोड उचलतील. बदल केला, सेव्ह केला, आणि जुनंच उत्तर आलं, असा अनुभव येईल. त्यावर उपाय म्हणजे अट घालणं. "#*" पुढं एकच पत्ता न देता दोन द्या: 'सोर्स' या अटीला "./एसआरसी/*.टीएस" आणि 'डीफॉल्ट' ला "./डिस्ट/*.जेएस". क्रम महत्त्वाचा आहे, नोड वरून खाली वाचतो, म्हणून डीफॉल्ट शेवटी. काम करताना 'कंडिशन्स' चं फ्लॅग देऊन 'सोर्स' सांगायचं. कारखान्यातल्या सर्व्हरवर काहीच सांगायचं नाही, तिथं आपोआप डिस्ट मिळतं. अटीचं नाव 'डेव्हलपमेंट' ठेवू नका. ते नाव इतर पॅकेजेसही वापरतात, आणि तुमच्या फ्लॅगमुळं त्यांचंही वागणं बदलेल.

या वाटेला मी झुकण्याचं आणखी एक कारण आहे. नोड आता टाइप बाजूला काढून '.टीएस' फाइल थेट चालवू शकतो, २३.६ आवृत्तीपासून त्यासाठी फ्लॅगही लागत नाही. पण तसं चालवतानाही तो टीएसकॉन्फिगमधले पाथ्स वाचत नाही. '#' ची नावं मात्र तिथंही चालतात.

जुना प्रकल्प असेल, शेकडो फाइलींत '@/' पसरलेलं असेल, तर टीएससी-एलियस वापरा. हे साधन टीएससीनंतर चालतं, डिस्टमधली प्रत्येक फाइल वाचतं आणि '@/सर्व्हिसेस/चलन' च्या जागी '../सर्व्हिसेस/चलन' असा खरा पत्ता लिहून टाकतं. बिल्डची कमांड 'टीएससी && टीएससी-एलियस' अशी होते. मधली खूण तीच ठेवा, म्हणजे टाइपची चूक निघाली तर पुढचं पाऊल पडणार नाही. प्रकल्प ईएस मॉड्यूलचा (जावास्क्रिप्टच्या नव्या मॉड्यूल पद्धतीचा) असेल तर नोडला इम्पोर्टमध्ये '.जेएस' हा शेवटही लागतो. त्यासाठी टीएससी-एलियसला 'रिझॉल्व्हफुलपाथ्स' हा पर्याय द्या. वॉच लावून (फाइल बदलली की आपोआप पुन्हा बिल्ड) काम करत असाल तर दोघांनाही वॉच लावावा लागतो.

टीएससी-एलियसची मर्यादा आधीच समजून घ्या. कोडमध्ये पूर्ण लिहिलेला पत्ता त्याला दिसतो. पण '@/रिपोर्ट्स/' ला पुढं व्हेरिएबल जोडून चालता चालता पत्ता तयार केला असेल, तर ते तसंच राहतं आणि तो रिपोर्ट मागेल त्या क्षणी फुटतं. आमच्याकडे महिनाअखेरचा सूत-साठ्याचा रिपोर्ट असाच होता. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा जागी एक साधी यादी करा, रिपोर्टचं नाव आणि त्यासमोर पूर्ण लिहिलेला इम्पोर्ट.

टीएसकॉन्फिग-पाथ्स आणि मॉड्यूल-एलियस ही आणखी दोन साधनं आहेत. ती प्रोग्रॅम सुरू होताना नोडच्या इम्पोर्टमध्ये शिरून नावं सोडवतात. लॅपटॉपवर टीएसएक्ससारख्याच टीएस-नोडसोबत पहिलं ठीक आहे. खऱ्या सर्व्हरवर मी ते लावत नाही. टीएसकॉन्फिगमधला पत्ता एसआरसीचा असतो आणि सर्व्हरवर एसआरसी नसतं, तेव्हा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे एसआरसीही तिथं असेल आणि '.टीएस' चालवायची सोयही असेल. मग एलियसवाले इम्पोर्ट एसआरसीतून येतात आणि सापेक्ष इम्पोर्ट डिस्टमधून. एकच मॉड्यूल दोनदा लोड होतं. डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा दोनदा उघडतो, चलनाचा पुढचा क्रमांक लक्षात ठेवणारी वस्तू दोन जागी जन्मते. चलनाचे क्रमांक दुबार पडले की जीएसटीच्या कागदात ते निस्तरणं फार जिवावर येतं.

टेस्ट आणि ईएसलिंट

टेस्ट चालवणारा व्हीटेस्ट व्हीटचंच कॉन्फिग वाचतो, त्यामुळं तिथं वेगळं काही नको. जेस्ट या टेस्टच्या दुसऱ्या साधनाला मात्र 'मॉड्यूलनेममॅपर' मध्ये सांगावं लागतं: '^@/(.*)$' या नमुन्यापुढं जेस्टच्या रूटडिरच्या (इथं ते प्रकल्पाचं मूळ फोल्डर, टीएसकॉन्फिगमधलं रूटडिर नव्हे) आतलं एसआरसी आणि शेवटी कंसात पकडलेला भाग. सुरुवातीची '^' खूण गाळू नका, नाहीतर '@/' मध्येच असलेली दुसरी नावंही पकडली जातात. टीएस-जेस्टमध्ये टीएसकॉन्फिगवरून हा नकाशा तयार करून देणारं फंक्शन आहे, तेच वापरा. '#' ची वाट घेतली असेल तर टेस्टलाही 'सोर्स' ची अट द्या. नाहीतर टेस्ट जुन्या डिस्टवर चालतात आणि मोडलेल्या कोडलाही हिरवा झेंडा दाखवतात. कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटचं इम्पोर्ट तपासणारं प्लगइन असेल तर त्याला टाइपस्क्रिप्टचा रिझॉल्व्हर जोडून द्या, एवढंच.

लायब्ररी असेल तर

तुमचा कोड दुसरे लोक पॅकेज म्हणून घेणार असतील, तर टाइपची माहिती देणाऱ्या '.डी.टीएस' फाइलीही तपासा. त्यांतही एलियस तसाच उतरतो. वापरणाऱ्याच्या टीएसकॉन्फिगमध्ये 'स्किपलिबचेक' बहुधा चालू असतं, त्यामुळं त्याला चूक दिसत नाही. फक्त तुमचे टाइप गुपचूप 'एनी', म्हणजे कसलीच तपासणी नसलेले, होऊन जातात. टीएससी-एलियस या फाइलीही बदलतं. आणि एकाच रेपोत अनेक पॅकेजेस असतील तर एकातून दुसऱ्यात जायला पाथ्स वापरू नका. एनपीएमच्या ७ व्या आवृत्तीपासून वर्कस्पेसेस आहेत, तिथं प्रत्येक पॅकेज खऱ्या नावानं जोडलं जातं आणि नोडलाही ते कळतं.

चढवायच्या आधीची तपासणी

डिस्ट, पॅकेज.जेसन, लॉकफाइल आणि कोड जे काही बाहेरून वाचतो ते, एवढंच एका रिकाम्या फोल्डरमध्ये कॉपी करा. तिथं फक्त प्रॉडक्शनची पॅकेजेस इन्स्टॉल करा आणि प्रोग्रॅम सुरू करा. एसआरसी शेजारी नसलं की लपलेली प्रत्येक चूक पहिल्या दोन सेकंदांत बाहेर पडते. मी ही तपासणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच टाकली आहे. त्याच्या आधी डिस्टमध्ये ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) लावून फ्रॉम, रिक्वायर किंवा इम्पोर्ट या शब्दांपुढं '@/' उरलंय का ते बघतो. ग्रेपला काही सापडलं तर तो यशाचा कोड देतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये अट उलटी लिहावी लागते: सापडलं तर बिल्ड थांबव.

हे लिनक्सवर करा. आमच्याकडे बहुतेकांचे लॅपटॉप विंडोजचे आहेत आणि सर्व्हर लिनक्सचा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. एलियस बदलताना हातानं नावं टाइप केली जातात आणि एखादं अक्षर लहानाचं मोठं होतं. टीएसकॉन्फिगमधलं 'फोर्सकन्सिस्टंटकेसिंग' वालं सेटिंग चालू ठेवा. ते यातल्या पुष्कळ चुका आधीच पकडतं.

जुना प्रकल्प बदलत असाल तर एका बैठकीत सगळं करू नका. आधी वरची तपासणी बसवा आणि ती आजच्या कोडवर हिरवी होते ते बघा. मग एकच फोल्डर घ्या, शक्यतो सगळीकडून इम्पोर्ट होणारं, आमच्याकडे ते करांच्या दरांचं होतं. त्याचे इम्पोर्ट बदला, बिल्ड करा, तपासणी चालवा, कमिट करा, मग पुढचं फोल्डर. एकाच फोल्डरातल्या शेजारच्या फाइलीला './' नंच बोलावू द्या, तिथं एलियस नको. फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं तरी ते इम्पोर्ट तुटत नाहीत. आणि चढवायची वेळ गाड्या भरून गेल्यानंतरची ठेवा. आमच्याकडे ती दुपारी तीनची आहे. मुनीमकाका तेव्हा जागेवर असतात आणि पहिलं चलन मी त्यांच्यासमोर काढून बघतो.